इटलीचा शांतिदास

एकत्र कुटुंबातल्या वडीलधाऱ्या पुरुषाला आपण 'कर्ता' म्हणतो. शब्द मोठा मार्मिक आहे. घराची मालकी, तिजोरीची किल्ली, चारचौघांतला मान हे सगळे त्याच्याकडे असते खरे. पण नाव पडले ते त्याच्या करण्यावरून. चार भावांची चूल एक ठेवणे, परक्या घरून आलेल्या सुनेला आपलेसे करणे, दुष्काळाच्या वर्षी कुणाच्याही ताटातली भाकरी कमी पडू न देणे, आणि हे करताना आवाज न चढवणे, एवढे ज्याला साधले तो कर्ता. असा माणूस गेला म्हणजे पुष्कळदा त्याच्यामागे घरही जाते. वाटण्या होतात, अंगणात भिंत उभी राहते, आणि ज्या घरात दिवाळीच्या फराळाची एकच पंगत बसायची तिथे झाकलेली ताटे या दारातून त्या दारात जाऊ लागतात. मग मनात येते, त्या माणसाने जन्मभर जे केले त्यातले उरले काय?

हा प्रश्न समोर ठेवून मी आज एका परदेशी कर्त्याची हकीकत सांगणार आहे. ते जन्माने इटालियन. त्यांचे घर उभे राहिले फ्रान्समध्ये. आणि त्या घरची माणसे ज्या नावाने त्यांना ओळखत ते नाव मात्र आमच्या वर्धा जिल्ह्यातले. त्यांच्या पोटी मूल नव्हते, तरी कुटुंब मोठे होते. इतके, की त्यांच्या पदाला तिथे जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थच मुळी 'कुलपिता' असा आहे.

आमचे अल्लीपूर हिंगणघाट तालुक्यातले. सेवाग्राम आम्हांला परके नाही. मीराबहेन, कुमारप्पा, विनोबा ही नावे आमच्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतात. पण लांझा देल वास्तो म्हटले की वर्ग गप्प होतो, आणि 'शांतिदास' म्हटले तर पोरांना तो कुणी भजनी बुवा वाटतो! त्यांचा दोष नाही. ज्या गावाने माणसाला नाव दिले त्या गावाच्या आठवणीतून तोच माणूस निसटून जावा, असे इतिहासात पुष्कळदा होते.

नकाशावर इटली बुटासारखी दिसते. त्या बुटाच्या टाचेशी, पुलिया प्रांतात, सान व्हितो देई नोर्मान्नी नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर १९०१ रोजी तिथे त्यांचा जन्म झाला. वडील सिसिलीतल्या लांझा या जुन्या सरदार घराण्याच्या रक्ताचे. आई बेल्जियममधल्या अँटवर्प शहरची. काही शिक्षण पॅरिसला झाले, तत्त्वज्ञानाचा अभ्यास पिसा विद्यापीठात. कविता करावी, चित्र काढावे, गळ्यावर गाणे खेळवावे, पायी भटकावे, असा हा उंचापुरा तरुण. घरात विद्या होती, कुळाचा मान होता. अशा मुलाने सुखाने एखादी प्राध्यापकी करावी आणि म्हातारपणी आपल्या कवितांचा संग्रह काढावा, एवढेच कुणाच्याही मनात आले असते.

पण काळ निराळा होता. १९२२ साली इटलीची सत्ता मुसोलिनीच्या हाती गेली. १९३३ साली जर्मनीत हिटलर आला. १९३५ च्या ऑक्टोबरात इटलीच्या फौजा ॲबिसिनियात घुसल्या आणि दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तो देश गिळून मोकळ्या झाल्या. भाल्याने लढणाऱ्यांवर विषारी वायू सोडून मिळवलेल्या त्या विजयाचे चौकाचौकांत उत्सव झाले. पुढचे युद्ध दिसत होते, आणि ते अडवण्याची विद्या युरोपात कुणाजवळ दिसत नव्हती. रोमां रोलां या फ्रेंच लेखकाने १९२४ साली गांधीजींवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. त्याच लेखकाच्या सांगण्यावरून एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड १९२५ साली साबरमतीला आली आणि मीराबहेन झाली. तेच पुस्तक या इटालियन तरुणाच्याही हाती पडले. १९३६ च्या डिसेंबरात त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली. जाण्याचे कारण ते सांगत ते ऐकण्यासारखे आहे. धर्म बदलायला ते आले नव्हते. अधिक चांगला ख्रिस्ती कसे व्हावे, हे एका हिंदूकडून शिकायला ते निघाले होते.

त्या वेळी गांधीजी नुकतेच सेगावात राहायला आले होते. स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीला परतायचे नाही, असे म्हणून १९३० साली त्यांनी आश्रम सोडला होता. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले, मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, आणि ३० एप्रिल १९३६ रोजी ते तिथून सेगावला गेले. गाव लहान, साप, विंचू आणि हिवताप यांचे माहेरघर. बुलढाण्याकडच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुके, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम ठेवले. १९३७ साली हा तरुण तिथे पोहोचला तेव्हा मात्र ते सेगावच होते: कुडाच्या भिंती, मातीचे सारवण, कौलांचे छप्पर, आणि आत जमिनीवर बसून साऱ्या देशाचा कारभार चालवणारा एक म्हातारा.

वर्ध्याच्या त्या मुक्कामात त्यांनी काय मिळवले? उपदेश तर कुठेही मिळाला असता. त्यांना मिळाले हातांना काम. कापूस पिंजणे, पेळू करणे, टकळीवर आणि चरख्यावर सूत काढणे. आम्हां कपाशीच्या मुलखातल्या लोकांना यात नवल नाही. सरकी काढण्यापासून गठाण बांधण्यापर्यंतचा कापूस आम्ही रोज पाहतो. पण ज्या घरात शतकानुशतके नोकरांनी कपडे चढवले त्या घरच्या मुलाला आपल्या अंगावरचे वस्त्र कुणाच्या तरी बोटांतून निघते हे पहिल्यांदा बोटांनाच कळले. मनाने समजलेली गोष्ट पुष्कळदा विसरते. बोटांनी शिकलेली विसरत नाही. मुलांना बाराखडी गिरवायला लावणाऱ्या प्रत्येक मास्तराला हे ठाऊक असते. गांधीजींनी त्यांना नाव दिले शांतिदास. म्हणजे शांतीचा सेवक. सरदार घराण्याचे लांबलचक नाव बाजूला पडले आणि हे दोन शब्दांचे नाव शेवटपर्यंत राहिले.

त्यानंतर ते पायी हिमालयात गेले, गंगेच्या उगमाकडे. १९३७ च्या उन्हाळ्यात तिथे असताना त्यांना आतून एक आज्ञा झाल्यासारखे वाटले: परत जा आणि आपल्या माणसांत घर उभे कर. मला या साऱ्या आयुष्यातला कळीचा क्षण हाच वाटतो. सेगावात राहून जाणे सोपे होते. वडाच्या सावलीत बसलेल्याला ऊन सोसावे लागत नाही. पण लेक माहेरी कितीही रमली तरी माहेरी शिकलेले रांधणे तिला सासरच्याच चुलीवर रांधायचे असते, तसे काहीसे त्यांच्या मनाने घेतले. वर्धा त्यांचे माहेर झाले. नांदायचे होते ते युरोपातच, जिथे बंदुका साफ होत होत्या.

युद्ध व्हायचे ते झालेच. जर्मन फौजा पॅरिसमध्ये ठाण मांडून असताना, १९४३ साली, त्यांचे हिंदुस्थानच्या यात्रेवरचे पुस्तक फ्रेंचमध्ये निघाले. नावाचा अर्थ 'उगमांची यात्रा'. भोवती अंधार असताना लोकांनी ते हपापल्यासारखे वाचले. युद्ध संपल्यावर त्यांच्याभोवती तरुण मुलेमुली जमू लागली. त्यांना ते सूत कातायला आणि लाकूड कोरायला शिकवीत, गाणी शिकवीत, आणि बायबलचे वचन उलगडून सांगत.

१९४८ साल उजाडले. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्याच वर्षी जूनमध्ये शांतिदासांनी लग्न केले आणि फ्रान्सच्या पश्चिम भागात, तुर्निए येथे, आपले पहिले आश्रमकुटुंब मांडले. नाव ठेवले 'आर्क', म्हणजे महापुरात जीव वाचवणारे बायबलमधले ते तारू. पत्नी मार्सेयची गायिका. तिला सगळे शांतरेल म्हणत. तंतुवाद्याच्या सर्वांत उंच स्वराच्या तारेला फ्रेंचमध्ये शांतरेल म्हणतात. शांतिदास आणि शांतरेल! जणू कुणी आपल्याकडच्या आत्याबाईनेच जोडीला शोभेसे नाव शोधून दिले होते.

पहिला संसार फसला. हौसेने आलेली माणसे सगळीच टिकत नाहीत. शेतीची सवय नाही, एकमेकांची सवय नाही. काही वर्षांत मंडळी पांगली. अशा वेळी माणूस माहेरची वाट धरतो. शांतिदास १९५४ साली पुन्हा हिंदुस्थानात आले आणि विनोबांबरोबर भूदानाच्या वाटेवर चालले. विनोबा आमच्या पवनारहूनच निघाले होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले शंभर एकर मिळाले होते, आणि तेव्हापासून तो कृश माणूस गावोगाव जमीन मागत फिरत होता. त्यावरही शांतिदासांनी पुस्तक लिहिले. परत जाऊन त्यांनी दक्षिण फ्रान्समध्ये बोलेन येथे पुन्हा घर मांडले. १९६३ साली एरो भागातल्या डोंगरात, ला बोरी नोब्ल नावाच्या ओस पडलेल्या वस्तीत, ते कायमचे स्थिर झाले.

त्या घराची रीत पाहिली म्हणजे सेवाग्रामची आठवण येतेच. गांधीजींच्या आश्रमात अकरा व्रते होती. इथे सात: श्रम, आज्ञापालन, जबाबदारी, चित्तशुद्धी, अपरिग्रह, सत्य आणि अहिंसा. कापूस तिथे पिकत नाही, म्हणून चरख्यावर लोकर आली. नांगर घोड्यांनी चाले. वीज घेतलेली नव्हती, रात्री मेणबत्त्या. भाकरी घरची, भाजी मळ्यातली, अंगावरचे कापड आपल्या हातांनी विणलेले. दर तासाला घंटा वाजे आणि कुदळ मारणारा असो की पीठ मळणारी असो, जो तो क्षणभर काम थांबवून आपल्या मनाकडे पाही. निर्णय सर्वांच्या एकमताने होत. कुटुंबे होती, अविवाहित होते, मुले होती. निरनिराळ्या पंथांची माणसे होती आणि आपला धर्म सोडायला कुणी कुणाला सांगत नसे. वर्षाचा मोठा सण जूनमधला, संत जॉनच्या दिवसाचा. रात्री मोठी शेकोटी पेटवून सगळे गात, नाचत आणि आपली व्रते पुन्हा उच्चारीत. ती त्यांची दिवाळीच म्हणा ना!

हे घर भिंतीआड बसून राहिले असते तर त्याची एवढी हकीकत सांगण्याचे कारण नव्हते. शांतिदासांचे म्हणणे असे, की आपल्या घराची शांती शेजारच्या घराला आग लागली असता उपयोगी पडत नसेल तर ती झोप आहे. १९५७ साली अल्जीरियात फ्रेंच सैन्य कैद्यांचा छळ करीत होते. त्याविरुद्ध ते जवळजवळ तीन आठवडे उपाशी राहिले. १९५८ साली मार्कूलच्या अणुकेंद्रात आपल्या साथीदारांसह शिरून त्यांनी बैठक मारली. १९६३ च्या उपासकाळात ते रोमला गेले. पोपने युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलावे एवढीच मागणी करून त्यांनी चाळीस दिवस अन्न सोडले. ११ एप्रिल १९६३ रोजी तेविसावे जॉन यांचे 'पृथ्वीवर शांती' हे धर्मपत्र प्रसिद्ध झाले. ते उपवासामुळे निघाले असे मी म्हणणार नाही. थोर माणसांच्या मनात काय चालले होते ते त्यांनाच ठाऊक. पण एक योग ध्यानात घ्यावा. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी रोमला गेले होते तेव्हा मुसोलिनीची भेट झाली, पोपची झाली नव्हती. बत्तीस वर्षांनी त्यांचा इटालियन शिष्य त्याच शहराच्या दाराशी बसला. दोन वर्षांनी, १९६५ साली, रोममध्ये धर्मपरिषद भरली असता शांतरेलने काही स्त्रियांना घेऊन दहा दिवसांचा उपवास केला. घरात कर्ता होता, तशी कर्तीही होती.

आता लार्झाकची गोष्ट. ला बोरी नोब्लपासून फार दूर नसलेले हे एक उंच, खडकाळ पठार. वारा झोंबणारा, माती पातळ. तिथे मेंढ्या पाळतात आणि त्यांच्या दुधापासून रोकफोर नावाचे जगप्रसिद्ध चीज होते. पठारावर लष्कराची एक छावणी होती, सुमारे सात हजार एकरांची. १९७१ च्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी ती बेचाळीस हजार एकरांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. धरणाखाली वा कारखान्याखाली जमीन गेलेला आपल्याकडचा कुणीही शेतकरी सांगेल, की असा हुकूम वर्तमानपत्रात वाचणे म्हणजे काय. लार्झाकची माणसे साधी, देवभोळी, कायदा मानणारी. चिडलेले तरुण येऊन त्यांना दगड उचलायला सांगू लागले होते.

शांतिदास तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९७२ च्या मार्चमध्ये ते त्या पठारावरच्या ला काव्हालरी गावात गेले आणि पंधरा दिवस उपवास करीत बसले. शेतकरी आले, शेजारी बसले, बोलले. कुणी एखादा दिवस आपणही उपाशी राहिले. उपवास संपता संपता, २८ मार्च १९७२ रोजी, एकशे तीन शेतकऱ्यांनी शपथपत्रावर सह्या केल्या: लष्कराला जमीन विकायची नाही. त्यापुढचा लढा त्यांचा त्यांनीच लढवला, आणि काय गमतीने लढवला! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी साठ मेंढ्या पॅरिसला नेल्या आणि थेट आयफेल मनोऱ्याखाली चरायला सोडल्या. राजधानीचे पोलीस मेंढ्या हाकण्यात मुळीच तरबेज नव्हते. पुढे ते पायी पॅरिसला गेले, ट्रॅक्टर घेऊन गेले, परवानगीवाचून मेंढवाडा बांधला. दहा वर्षे सरकार हलेना आणि शेतकरीही हलेनात. रक्त सांडू द्यायचे नाही हा नियम मात्र त्यांनी सांभाळला.

शांतरेल १९७५ साली वारली. शांतिदास १९८१ च्या जानेवारीत स्पेनमध्ये गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १० मे १९८१ रोजी, मितराँ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निवडून आले आणि जूनमध्ये लार्झाकचा बेत रद्द झाला. ज्याने पहिले बी टाकले त्याला कणीस पाहायला मिळाले नाही.

आणि घर? कर्त्यामागे घराचे जे होते ते थोडेबहुत तिथेही झाले. कुलपित्याचे पद पिएर पारोदी या डॉक्टरकडे गेले. तो सेवाभावी माणूस १९८९ साली वारला. पुढच्या वर्षांत मंडळी कमी झाली, काही घरे मिटली, रीती बदलल्या. १९८७ साली इजेर भागात सुरू झालेले एक घर तेवढे निराळ्या व्यवस्थेने चालत राहिले. असे का व्हावे? मला वाटते, प्रेमळ कर्त्याच्या घरात एक धोका नेहमी असतो. सगळे त्याच्याकडे पाहतात आणि एकमेकांकडे पाहायला विसरतात. आज्ञापालनाचे व्रत त्याच्या हयातीत गोड लागते, कारण आज्ञा करणारा गोड असतो. तो गेला म्हणजे व्रत उरते आणि गोडी जाते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. सेवाग्रामची बापूकुटी आजही सारवून स्वच्छ ठेवलेली असते, लोक येतात, हात जोडतात. पण १९३७ साली तिथे जी माणसांची वर्दळ होती ती कुणाला परत आणता येणार? दिवा ठेवता येतो, उजेड साठवून ठेवता येत नाही.

मात्र लार्झाकचे पुढे काय झाले ते ऐका. लष्करासाठी म्हणून सरकारने तोवर बरीच जमीन विकत घेऊन ठेवली होती. ती जमीन, सुमारे साडेपंधरा हजार एकर, १९८५ साली सरकारने शेतकऱ्यांच्याच एका संस्थेला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. कोणत्या तरुण जोडप्याला कोणते शेत कसायला द्यायचे हे गावकरी बसून ठरवू लागले. कसणाऱ्याला शेत मिळते; विकण्याचा हक्क मिळत नाही. पवनारहून निघालेला तो कृश म्हातारा ग्रामदान म्हणून गावोगाव जे मागत फिरला, त्याचाच हा सख्खा भाऊ शोभावा. आपल्याकडे दानपत्रे पुष्कळ झाली आणि त्यांतली पुष्कळ कागदावरच राहिली. तिकडच्या त्या खडकाळ पठारावर ते रुजले. विनोबांच्या मागून चाललेल्या माणसाने त्या शेतकऱ्यांना ग्रामदान शिकवले असा पुरावा मी देऊ शकत नाही. बिनदगडाचा लढा लढवता येतो, एवढा धीर त्याने त्यांना पंधरा दिवसांत दिला. बाकीचे त्यांच्या शहाणपणाचे.

तेव्हा कर्त्यामागे उरते काय, याचे उत्तर मला या हकीकतीत सापडते. त्याच्या नावाचे घर टिकेल वा न टिकेल. पण दुसऱ्याचे घर मोडत असताना तो ज्या दारात जाऊन बसला ते दार उघडे राहते. लार्झाकच्या मेंढपाळांशी शांतिदासांचे रक्ताचे नाते नव्हते, भाषेचे पुरते नव्हते, आणि पंधरा दिवसांपलीकडे एका छपराखाली राहण्याचेही नव्हते. तरी त्या पठारावर ज्या मेंढ्या चरत राहिल्या, ज्या चुली पेटत्या राहिल्या, त्या धरूनच त्यांचे कुटुंब मोजायला हवे. मग ते फार मोठे भरते. आणि त्या मोठ्या कुटुंबाच्या कर्त्याला, सूत कातायला शिकवून, नाव ठेवून, सासरी धाडले ते आमच्या वर्ध्याने, ही गोष्ट आमच्या पोरांना माहीत असलेली बरी.